एक्केचाळीसमधले तीन

जयश्रीची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण तिने जिंकलं. रुजू व्हायला आली त्या दिवशी मी तिच्यापुढे फॉर्म टाकला आणि म्हणालो, तीन प्रती भर.

"तिसरी प्रत कुठे जाते, काका?"

"फाइलला."

"कोण वाचतं?"

"वाचायचं काय त्यात? फाइलला असते."

"मग दोनच भरते," म्हणाली आणि खरोखर दोनच भरून पेन टेबलावर ठेवून निघून गेली.

मला दोन दिवस राग होता. काल आलेली पोर, अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर, आणि ही मला ऑफिस शिकवणार? तिसऱ्या दिवशी सहज कपाट उघडलं, तर जुन्या तिसऱ्या प्रतींचे गठ्ठे वाळवीने खाऊन टाकलेले. हात लावला की भुसा. तो भुसा झाडताना तोंडातून जे शब्द आले ते छापण्यासारखे नाहीत.

मी महादेव राऊत, वाणगावचा. तेहेतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. घरात बसलो तर बायको वाडीतले चिकू वेचायला लावते, त्यापेक्षा बरं म्हणून डहाणूच्या एका अभ्यासकेंद्रात पुन्हा टेबलाला चिकटलो. केंद्राचं काम ऐकून लोक हसायचे. विद्यापीठ, उद्योग आणि शासन ही तीन मंडळी डहाणू-तलासरी भागात मिळून किती संशोधन करतात, ते आम्ही मोजायचो. संशोधन करायचो नाही, मोजायचो. लग्न लावायचं दुसऱ्यांनी, आम्ही मांडवाच्या दारात उभं राहून वऱ्हाडी किती आले ते लिहायचं, असला प्रकार.

मोजायची पट्टी वरून ठरून आली होती. तिघांनी करारावर सह्या केल्या की दहा गुण. एकत्र कार्यशाळा घेतली, पाच. तिघांच्या माणसांची नावं असलेला निबंध छापून आला, पंधरा. उद्घाटनाचा फोटो असेल तर दोन. लोकसहभागाला दहापर्यंत. सगळ्याची बेरीज-सरासरी करून शंभरपैकी एक आकडा काढायचा, त्याखाली क्षेत्र-सहाय्यकाने सही करायची, आणि त्या आकड्यावर केंद्राला पुढची तीन वर्षं मिळणार की टाळं लागणार, हे ठरायचं. केंद्राला तीन वर्षं मिळाली तर जयश्रीची ऑर्डरही तीन वर्षांची होणार होती. क्षेत्र-सहाय्यक तीच होती. हे तिला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा पुढे तिने जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं, उगाच भाबडेपणाने नव्हे.

ती रानशेतची. वय तिशीच्या आसपास, संख्याशास्त्राची पदवी, पायात नेहमी रबरी चप्पल आणि खांद्याला शाळकरी पोरांचं असतं तसलं दप्तर. तिच्या पाड्यावरून संख्याशास्त्र शिकलेली ती पहिलीच, आणि बहुधा अजूनही एकटीच. मी एकदा विचारलं, हा विषय कुठून सुचला? तर म्हणाली, आईमुळे.

तिची आई भिकी. शाळेचं तोंड न पाहिलेली. पण त्या पाड्यावर आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, मजूर बोलावत नाहीत. आज तुझ्या खाचरात आम्ही सगळे उतरतो, उद्या आमच्या खाचरात तू उतर. हात उसना द्यायचा, हातच परत घ्यायचा. मजुरीचं नाव काढलं तर लोक रागावतात, कारण मजुरी दिली-घेतली की दोन घरांमधला मामला तिथंच मिटतो, पुन्हा कोणी कोणाच्या दारात यायचं कारण उरत नाही. कोणाकडून किती हात आले आणि किती परत गेले हे भिकीला तोंडपाठ असायचं, चाळीस घरांचं, आणि त्यात चूक काढायची कोणाची टाप नव्हती.

जयश्री दहावीला असताना भिकी बांधावरून घसरली आणि तिचा हात मोडला. बाप सुक्या एकटा काय करणार? एकोणीस घरांतून माणसं आली, दोन दिवसांत लावणी उरकून गेली. पुढच्या वर्षी भिकीचा हात धड वळत नव्हता, तेव्हा ही सोळा वर्षांची पोर एकटी एकोणीस घरांच्या खाचरांत उतरली. त्यातलं एक घर दरम्यान तलासरीकडे सासुरवाडीला जाऊन राहिलं होतं. कोणी म्हणालं, जाऊ दे, लांब आहे. ही एसटी पकडून तलासरीला गेली, त्यांच्या सासऱ्याच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी केली आणि शेवटच्या गाडीने परत आली. हे मला तिने सांगितलं नाही. रानशेतचा एक शिक्षक आमच्या ऑफिसात आला होता, त्याने सांगितलं, आणि सांगताना तो जरा घाबरल्यासारखाच वाटला.

असल्या माणसाच्या हातात तुम्ही सहकार्य मोजायची पट्टी देता, तर दुसरं काय होणार होतं?

ठिणगी पडली ती रानशेतलाच. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातले शास्त्रज्ञ, एक बियाणं कंपनी आणि सरकारी खात्याचे अधिकारी मिळून तिथे भाताची नवी जात लावून बघायला आले होते. जमीन सुक्याची, पाड्यावरच्या अठ्ठावीस बायकांनी आवणी केली. कंपनीचा माणूस मजुरी वाटायला लागला तर एकीनेही घेतली नाही. पाहुण्यांनी हात जोडले, फोटो काढले. पीक तयार झाल्यावर गाडी आली, भात पोत्यांत भरून, पोत्यांना चिठ्ठ्या लावून वजनाला घेऊन गेली. तिथून पुढे कोणाचा पत्ता नाही. आमच्या फाइलीत मात्र या कामाला लोकसहभागाचे दहापैकी दहा गुण पडले होते. शेरा होता: 'ग्रामस्थांचे उत्स्फूर्त, विनामूल्य श्रमदान.'

जयश्री त्या अठ्ठावीस बायकांकडे फॉर्म घेऊन गेली. चौदावा प्रश्न होता, 'या संशोधनात तुम्ही सहकार्य केले काय? हो / नाही.' अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणींनी सांगितलं, नाय.

त्या दिवशी ती ऑफिसात परतली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते आणि मी कुलूप शोधत होतो. तिने गठ्ठा माझ्यापुढे आपटला.

"काका, यात चूक कोणाची, सांगा."

मी फॉर्म चाळले. "त्या बायकांची. दिवसभर चिखलात राबल्या आणि नाही म्हणतात. प्रश्न कळला नसेल. तू 'हो' करून टाक."

"मागच्या मोजणीत तेच केलं होतं. 'नाय' खोडून 'हो'. खाडाखोड दिसतेय मला." ती खुर्चीत बसली. "माझ्या आईनेही 'नाय' सांगितलं. मी म्हटलं, आये, तू तर लावणी केलीस. ती म्हणते, केली ना. पण ते कुठे परत आले? ते आले की मग झालं म्हणायचं. अर्ध्यावर 'झालं' कसं सांगू?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग लख्ख कळलं आणि जिवाला लागलं. त्या बायकांनी मजुरी सोडली ती दानधर्म म्हणून नव्हे. शास्त्रज्ञांना त्यांनी शेजाऱ्यासारखं मानलं होतं. पैसे घेतले असते तर पाहुण्यांचा परत यायचा रस्ताच बंद झाला असता, म्हणून घेतले नाहीत. आणि आम्ही त्यालाच श्रमदान म्हणून गुण वाटून मोकळे! आपलं ऑफिस एवढं बिनडोक आहे हे मला माहीत होतं, पण त्यातला मीही एक, हे त्या संध्याकाळी नव्याने समजलं.

दुसऱ्या दिवशीपासून जयश्रीने प्रत्येक फॉर्मवर बॉलपेनने एक रकाना आखला. 'परत आले का? कोण? केव्हा? काय सांगितलं?' आणि सगळी ठिकाणं पुन्हा पायाखाली घातली. एसटी, टमटम, नाहीतर चालत.

अच्छाडला हायवेच्या नाक्यावर धुराचा अभ्यास झाला होता. ढाब्यांवर काम करणाऱ्या आणि ट्रकांना पाणी-तंबाखू विकणाऱ्या शंभरावर लोकांना नळीत फुंकायला लावून त्यांची फुफ्फुसं तपासली होती. कराराचे दहा, कार्यशाळेचे पाच, निबंधाचे पंधरा. तिथे रोट्या भाजणारी संगिता तिला म्हणाली, "फुंकला ना, जोर लावून फुंकला. पण माझा फुफ्फुस चांगला हाय का बिघडलाय, ते फुंकणारीला सांगायचं नसतं काय? त्या सायबांना काय करायचाय माझा फुफ्फुस घेऊन?" हे वाक्य जयश्रीने फॉर्मवर जसंच्या तसं उतरवलं. मग वाणगावला आली. तिथल्या ढोबळी मिरचीवाल्यांकडे नवं जाळं बसवून बघितलं होतं. जाळं फाटलं, मिरची गेली, मोजायला आलेले लोक त्याआधीच गेले होते. माझ्याच गावातली ही गोष्ट, आणि मला तिच्याकडून कळली!

सगळं मिळून एक्केचाळीस कामं होती. त्यातल्या तीन ठिकाणी कोणी तरी परत जाऊन लोकांना निकाल सांगितला होता. तीनपैकी दोन वेळा तो माणूस एकच होता, तलासरीचा लाहू नावाचा कृषी सहाय्यक, जो कोणी न सांगता स्वतःच्या मोटारसायकलवर माती-परीक्षणाचे कागद घेऊन पाड्यांवर गेला आणि एकेकाला वाचून दाखवून आला. त्याला आमच्या पट्टीत शून्य गुण होते. त्याने फोटो काढला नव्हता.

आमचे प्रमुख मनिष सर. माणूस दुष्ट नव्हे, हे मी आजही म्हणेन. आवाज चढवत नाहीत, कोणाला नाही म्हणत नाहीत. काहीही विचारा, "कळवतो" म्हणतात. त्यांनी जयश्रीला केबिनमध्ये बोलावलं, आणि दार उघडंच राहिल्यामुळे मी सगळं ऐकलं. खरं सांगायचं तर दार मीच उघडं ठेवलं होतं.

"जयश्री, आपल्या पट्टीने अठ्ठ्याहत्तर येतात. हे 'एक्केचाळीसमधले तीन' काय आहे?"

"मोजणी आहे, सर."

"हा रकाना आपल्या नमुन्यात नाही."

"म्हणून मी दोन्ही लिहिलेत. अठ्ठ्याहत्तर पण लिहिलेत, तीन पण लिहिलेत. दोन्ही छापा, मी सही करते."

"आकडा एकच द्यायचा असतो. आणि अठ्ठावीस बायका काम करून 'नाही' म्हणतात, याला उत्तर देणाऱ्याचा गैरसमज म्हणतात. तू स्टॅटिस्टिक्सची आहेस, तुला मी सांगायला हवं?"

"सर, एकीने म्हटलं असतं तर गैरसमज. अठ्ठावीस जणी एकच सांगतात, तर त्याला गैरसमज कसं म्हणू?"

सरांनी अहवाल मिटला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझी ऑर्डर एकतीस मार्चला संपतेय. तीन वर्षांचा विचार कर. घरी आई-वडील आहेत."

"आई-वडिलांनाच जाऊन काय सांगू, सर? तुमचं 'नाय' खोडून मी तीन वर्षं मिळवली म्हणून?" आणि ती बाहेर आली. पाण्याचा ग्लास भरताना अर्धं पाणी टेबलावर सांडलं. नोकरी तिला हवी होती. कोणाला नको असते? पण सही तिने केली नाही.

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण लपवलं तर हे सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. "महादेवराव, तिच्या रुजू अहवालावर सही आहे ना? स्कॅन करून शेवटच्या पानावर तेवढी घ्या. नंतर तिच्याशी मी बोलतो." तेहेतीस वर्षांच्या सवयीचा हात आहे माझा. साहेबाने सांगितलं की तो आपोआप चालतो, डोकं मागून येतं. सही कापली, अठ्ठ्याहत्तरच्या खाली चिकटवली, छापली. समोरचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. रात्री जेवण गेलं नाही एवढंच. पण न जेवल्याने कागदावरची सही थोडीच पुसली जाते?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी समिती आली. बाहेरगावची तीन माणसं, अध्यक्ष एक वयस्क बाई. कॉलेजच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं, कंपन्यांचे प्रतिनिधी, खात्यांचे अधिकारी. प्रत्येक खुर्चीवर अहवालाची एक प्रत. सरांनी पडद्यावर अठ्ठ्याहत्तरचा आकडा आणला, टाळ्या झाल्या. जयश्री तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने प्रत उचलली, मागून उघडली. मग मान वळवून सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ऑफिसात स्कॅनर एकच आहे आणि तो माझ्या टेबलावर आहे.

ती उभी राहिली. "मॅडम, या पानावरची सही मी केलेली नाही."

सर हसले आणि म्हणाले, "काहीतरी तांत्रिक गडबड दिसतेय, आपण नंतर..."

"तांत्रिक नाही. मी सही करायला नाही म्हटलं होतं, तरी इथे आहे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मग कोणी केली?"

हा प्रश्न मला उद्देशून नव्हता. मी गप्प बसलो असतो तर चौकशी नेमली असती, चौकशीचा अहवाल तीन प्रतींत झाला असता आणि वाळवीची सोय झाली असती. पण गुडघ्यांना काय झालं कोण जाणे, मी उभा राहिलो. "मी चिकटवली. सरांनी सांगितलं. पण चिकटवली मी."

कोणी तरी मागे खोकलं. सरांचा चेहरा पांढराफटक झाला, आणि मला त्यांची दयासुद्धा आली, थोडीशी. बाईंनी जयश्रीला विचारलं, "तुमचा आकडा काय आहे मग?"

"एक्केचाळीसमधले तीन." आणि तिने अठ्ठावीस बायकांचं सांगितलं, संगिताच्या फुफ्फुसाचं सांगितलं, लाहूच्या मोटारसायकलचं सांगितलं. चढ-उतार नाही आवाजात. नाव, गाव, तारीख.

समितीतले एक गृहस्थ मान हलवत म्हणाले, "हे ऐकायला फार हृद्य आहे. पण ही भावना झाली. हे मोजमाप नव्हे."

तिथे मात्र ती भडकली. "यात भावना कुठे आहे, सर? परत कोण आलं त्याचं नाव आहे, तारीख आहे, काय सांगितलं ते आहे. कोणीही जाऊन तपासावं. तुमच्या पट्टीत फोटोला दोन गुण आहेत. फोटोत काय मोजता, ते मला सांगा ना!"

अध्यक्षबाई जरा हसल्या. "आम्ही आज इथवर आलो. तुमच्या हिशेबाने आम्हाला किती गुण?"

"परत आलात की सांगते, मॅडम."

आता गोष्टीत असतं तर न्याय झाला असता. आपल्याकडे असं झालं की पंधरा दिवसांनी पत्र आलं: पट्टीप्रमाणे अठ्ठ्याहत्तर ग्राह्य, प्रकल्प तीन वर्षांसाठी मंजूर, सहीबाबत केंद्राला समज देण्यात येत आहे. जयश्रीची ऑर्डर एकतीस मार्चला संपली ती संपलीच. माझीही संपली. माझं काही जात नव्हतं, पेन्शन आहे, चिकू आहेत. तिचं गेलं. तिने बरोबर मोजलं आणि नोकरी गमावली, आणि ज्यांनी सही चोरली त्यांचं दुकान चालू राहिलं. लोक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण केलं पोरीने. मी अशा दोघांशी बोलणं सोडलंय.

एप्रिलमध्ये मी रानशेतला माफी मागायला गेलो. उन्हं तापलेली, सगळा पाडा राबाच्या कामात. रोपं तयार करायच्या जमिनीवर पालापाचोळा पसरून ती भाजतात, त्यासाठी टोपल्याच्या टोपल्या पाला वाहणं चाललं होतं. मी बोलायला तोंड उघडलं तर जयश्री म्हणाली, "काका, नंतर. ही टोपली घ्या." तीन तास पाला वाहिला. अंगभर खाज, मानेत काटे. माफी मागायची राहूनच गेली आणि कोणी विचारलीही नाही. भिकीने भाकरी वाढली तेव्हा एवढंच म्हणाली, "परत ये. राब अजून बाकी हाय." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो.

एक मेच्या ग्रामसभेत पाड्याने ठराव केला. आमच्या जमिनीत कोणाला काही लावून बघायचं असेल, तर त्याने आधी मागच्या कामाचा निकाल येऊन सांगावा. आणि तपासायला गावाचं माणूस म्हणून जयश्री. तिची सही असल्याशिवाय परवानगी नाही. ठराव तिने लिहिला नाही. बायकांनी सांगितला, शिक्षकाने लिहिला, भिकीने पहिला अंगठा उठवला.

आणि इथे सरांची पंचाईत झाली. नव्या प्रकल्पात केंद्राने मोजण्याबरोबर गावांच्या परवानग्याही आणायच्या होत्या, आणि पहिलंच काम रानशेतच्या त्याच खाचरात होतं. बियाणं कंपनी तयार, खातं तयार, विद्यापीठ तयार, आणि कागद अडला एका सहीपाशी. कंपनीच्या माणसाने दोनदा फोन केला, जयश्रीने दोन्ही वेळा सांगितलं, या. शेवटी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मनिष सर स्वतः आले, बरोबर कंपनीचा एक आणि खात्याचा एक. मी तिथेच होतो. शाळेच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, सगळ्या. दुपारची वेळ, वारा नाही.

सरांनी जयश्रीपुढे कागद धरला. "जयश्री, झालं ते झालं. एवढी सही दे. तुझ्या ऑर्डरचंही मी पुन्हा बघतो. कळवतो तुला."

"ऑर्डरचं नंतर, सर. यांना विचारायचंय."

भिकी पुढे सरकली. त्या पाड्यावर कोणालाच तुम्ही म्हणत नाहीत, साहेब असो की जावई. "बस," ती सरांना म्हणाली. "आमचे खाचरातला भात तू पोत्यात भरून नेलास. कसा झाला ता सांग."

सरांनी कंपनीच्या माणसाकडे बघितलं. त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. सर म्हणाले, "त्याचं विश्लेषण चालू आहे, मावशी. पूर्ण झालं की..."

भिकी त्यांच्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस बायका आणि एकीलाही घाई नव्हती. सरांनी रुमालाने मान पुसली, मग तोंड पुसलं. मला वाटलं उठून जातील. पण गेले नाहीत. बऱ्याच वेळाने, ऑफिसातला तो मऊ आवाज नव्हता, साधाच होता, म्हणाले, "तुमच्या घरच्या बियाण्यापेक्षा कमी आला. इथली जमीन उताराची, पाणी टिकत नाही, त्या जातीचा दाणाच भरला नाही. पोत्यांत अर्धा पोकळ निघाला. आम्ही जमीन नीट न बघता बी दिलं. चुकलं आमचं."

भिकीने मान हलवली. "आमाला ठाव होता. कापला तवाच हाताला हलका लागला. तू सांगतोस का नाय, ता बगायचा होता."

बायका हसल्या नाहीत. एक जण उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिने तो सरांपुढे ठेवला.

जयश्रीने दप्तरातून तिची वही काढली. तीन खोडून चार केले, शेजारी तारीख घातली, मनिष सरांचं नाव लिहिलं, काय सांगितलं ते दोन ओळींत लिहिलं. मग कागद पुढे ओढला आणि सही केली. माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने.